धाकटीची नळी

मी प्रयोगशाळेतला डीप फ्रीजर बोलतोय. दार उघडून आइस्क्रीम शोधू नका. माझ्या पोटात रक्त आहे, शेकडो माणसांचं, इवल्या इवल्या नळ्यांत, उणे ऐंशी अंशांवर गोठवलेलं.

मला इथे आणलं इथल्या संशोधक बाईंनी. त्यांच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आणि तो कळला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. दडी मारून बसणारा रोग. पण अंगात शिरताना रक्तात काहीतरी खूण सोडत असेलच की! ती शोधायचा बाईंनी ध्यास घेतला. आजाऱ्यांचं रक्त गोळा केलं, तुलनेला धडधाकट माणसांचंही. त्यांची धाकटी बहीण दरवर्षी न चुकता बाही वर सारून बसायची. "माझं जपून ठेव गं, गोड आहे, मुंग्या लागतील."

बाईंचे केस पिकले, माझं दार कुरकुरायला लागलं. मग एकदाचं एक प्रथिन सापडलं, आजाऱ्यांच्या रक्तात वाढलेलं. त्या दिवशी प्रयोगशाळेत कुणाचे पाय जमिनीवर ठरेनात.

धाकटी रक्त द्यायला आली तेव्हा म्हणाली, आता माझंही बघून सांग. बाईंनी साफ नकार दिला. इतर रुग्णालयांतल्या रक्तावर पडताळा व्हायचा होता. कच्च्या चाचणीवर घरच्या माणसाला काय सांगायचं? धाकटी फुरंगटली, तेवढ्यापुरतीच.

पुढच्याच वर्षी तिची पाठ दुखायला लागली, डोळे पिवळे झाले. वडिलांचाच रोग. बघता बघता ती गेली.

मग एका दुपारी बाईंनी माझं दार उघडलं. जाड हातमोजे चढवले. धाकटीची शेवटची नळी, नकार दिला त्या दिवशीची, त्यांनी स्वतः काढली, स्वतः तपासली. प्रथिन वाढलेलं नव्हतं.

धाकटीचा नवरा भेटायला आला. माझ्यावर हात टेकून उभा राहिला. "ताई, तिने म्हटलं तेव्हाच तपासलं असतं तर?"

बाई म्हणाल्या, "तर 'तू ठणठणीत आहेस' असं मीच तिला सांगितलं असतं."

त्याने माझ्यावरचा हात काढून घेतला. रागवायचं तरी कुणावर?

पुढे इतर रुग्णालयांचे निकाल आले. साधे पित्ताशयातले खडे असले तरी ते प्रथिन वाढत होतं, आणि खऱ्या रोगात पुष्कळदा वाढतच नव्हतं. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, शोधनिबंधात जरा सांभाळून लिहा. बाईंनी सरळ लिहिलं, या चाचणीवर भरवसा ठेवू नये. जन्माची कमाई त्यांनी आपल्याच हाताने पुसली.

आता बाई निवृत्त झाल्यात. माझी मोटर धापा टाकते, म्हणून नळ्या नव्या फ्रीजरमध्ये हलवताहेत. बाईंच्या जागी आलेली मुलगी दुसरंच प्रथिन घेऊन पहिल्यापासून सुरुवात करतेय.

तुमच्याकडे कुणी संशोधनासाठी रक्त मागितलं, तर द्या. पण त्यातून काय निघालं, ते मला विचारू नका. रक्त नासू द्यायचं नाही, एवढंच मला येतं. तेवढं मी केलं.