पुलावरचं गाऱ्हाणं

“सहदेवकाका, गाऱ्हाणं दोन मिनिटांत आटपा. साहेबांना पुढे कुणकेश्वरला जायचंय,” असे म्हणून कंत्राटदार निलेशने सहदेवच्या हातात नारळ ठेवला आणि तो उद्घाटनाच्या मांडवाकडे धावला.

सहदेवने मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हातखंडा होता. आठ महिने तो या पुलाच्या कामावर वॉचमन होता आणि तेवढ्या दिवसांत त्याने चढ्या आवाजात कुणाला हाक मारल्याचे कुणाला आठवत नव्हते. पण गाऱ्हाण्याचा मान त्याच्या घराण्याकडे. गावात काही शुभ करायचे म्हटले की त्याने देवापुढे चार शब्द बोलायचे, जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणून त्याला दुजोरा द्यायचा आणि मग नारळ फुटायचा. देवासमोर सगळा गाव एका तोंडाने हो म्हणतो, म्हणून गाऱ्हाण्यात खोटे बोलायचे नसते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. चुलीत हात घालू नये हे जसे कळते तसेच हेही कळते.

त्याची बायको चंद्रावती बायकांच्या घोळक्यातून पुलाकडे बघत होती. केवढा तो पूल, केवढे ते खांब! तीस वर्षे सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन तिने खाडीला वळसा घातला होता. तीस वर्षे गावाने अर्ज लिहिले, ओरोसला जिल्हा कचेरीत खेपा घातल्या, साहेबांच्या दारात चपला झिजवल्या. अखेर घोडे एकदाचे गंगेत न्हाले. उन्हात झळाळणाऱ्या त्या पांढऱ्या कठड्याला हात जोडावेत असे तिला वाटत होते.

आणि तरी तिला सगळे ठाऊक होते. जानेवारीत ती नवऱ्याचे जेवण घेऊन आली तेव्हा भर दुपारी, ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी माणसे पुलाच्या कामासाठी टेम्पोत वाळू भरत होती.

“ही खारी वाळू गो,” सहदेव हळूच म्हणाला होता. “लोखंडाक खाता ती. आमी गोठ्याक पण लावणव नाय.”

“निलेशशेठ आपल्या जान्हवीक ओरोसच्या ऑफिसात लावतलो,” ती म्हणाली होती. “चेडवाच्या नशिबाक आड येव नकात. गप रवा.”

दोघेही मूग गिळून बसले. आता सोमवारी लेक जान्हवी कामावर रुजू होणार होती. तिचा नवा ड्रेससुद्धा शिवून आला होता.

साहेब आले. तबकातली कात्री त्यांच्या हातात गेली. सहदेव रिबिनीपुढे उभा राहिला, देवळाच्या दिशेने वळला आणि त्याने डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” पुरुषमंडळी म्हणाली.

“आज ही तुझी लेकरां एकवटान तुझ्या पायाकडे उभी रवलीहत, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्यो जो काय पूल बांधलो हा...”

तो अडखळला. त्याने डोळे उघडले. रिबिनीला खेटून शाळेची पोरे गणवेशात उभी होती. रिबीन कापली की पुलावरून पहिली धाव त्यांची ठरली होती. सहदेव त्यांच्याकडे बघत राहिला.

“ह्यो पूल खाऱ्या वाळवेचो आसा, म्हाराजा.”

निलेश मांडवातून पुढे आला.

“मी राखणदार. माझ्या डोळ्यांदेखत वाळू पडली. चेडवाच्या नोकरेक भुलान मी गप रवलंय. लोकांचो पैसो पाण्यात गेलो, तो गेलो. पण उद्या ह्यो पूल पडलो, तर ही लेकरां परत खंयच्याच पुलार पाय ठेवची नाय. कोणाच्या शब्दारव इस्वास ठेवची नाय. तसो गाव करू नको रे म्हाराजा. माझी चूक माझ्या पदरात घाल, पण पोरांका ह्येच्यावरसून न्हेव नको.”

“काका, पुरे झालं,” निलेश दात आवळून म्हणाला.

चंद्रावतीच्या अंगावर काटा आला. भाकरीला मीठ नसले तरी न बोलणारा हा माणूस. इतकी वर्षे त्याच्या पानात वाढले आणि त्याची उंची तिने कधी पाहिलीच नव्हती. तिला त्याची भीती वाटली, अभिमान वाटला, आणि त्या पुलाएवढेच तिला त्याचेही नवल वाटले.

पण “व्हय म्हाराजा” कुणीच म्हणेना. साहेबांकडे कुणाचे घरकुल अडले होते, कुणाचा नळ. सगळे खाली मान घालून उभे राहिले. दुजोरा नसलेले गाऱ्हाणे म्हणजे एकट्या माणसाची बडबड. सहदेवने पुन्हा डोळे मिटले होते, नारळ छातीशी धरला होता आणि तो वाट बघत होता.

चंद्रावतीने शेजारी पाहिले. जान्हवीचे डोळे भरले होते, पण ती बापाकडेच बघत होती.

गाऱ्हाण्याला बायका साद देत नाहीत. तशी रीतच नाही.

“व्हय म्हाराजा,” चंद्रावती म्हणाली.

बाजारात मासळी विकून तयार झालेला आवाज तो, पलीकडच्या तीरापर्यंत गेला. मग जान्हवी म्हणाली. मग शाळेची पोरे म्हणाली, कारण गाऱ्हाण्याला काय म्हणायचे ते त्यांना माहीत होते. मग म्हातारा महादू काठी टेकत पुढे आला, आणि मग सगळा गाव म्हणाला.

साहेबांनी कात्री तबकात परत ठेवली.

सहदेवने नारळ पुलावर फोडला नाही. तो दगडांवरून खाली उतरला, गुडघाभर पाण्यात गेला आणि त्याने नारळ खाडीत सोडला. मग तो तिथेच उभा राहिला. चंद्रावतीने चपला काढून हातात घेतल्या आणि ती पाण्यात उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.