कोपर मागे, मनगट पुढे

मी एक जुना लाकडी पंख आहे. हसू नका मित्रांनो, खरंच सांगतोय. एकच पंख, तोही डावा. माझ्या मागे ना पक्षी आहे ना परी. खांद्याच्या जागी एक जाड खुंटी, पुढे दोन बिजागऱ्यांनी जोडलेल्या तीन पट्ट्या आणि त्यांना ओळीने ओवलेली एकवीस पातळ पिसं, तीही लाकडाचीच. मला आयुष्यात एकदाही उडता आलं नाही. पण माझ्याकडे बघून घोडे उडाले, मांजरं उडाली, एक कासव तर अख्खा समुद्र ओलांडून गेलं. तेव्हा थोडा तोरा मिरवला तर चालवून घ्या.

मला घडवलं एका सुताराने. दारं-खिडक्या करणारा साधा माणूस, पंख करणं हे काही त्याचं काम नव्हे. पण त्याची एकुलती एक लेक चित्रकार निघाली. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायची हा तिचा ध्यास. एकदा तिने पंखवाल्या घोड्याचं चित्र एका संपादकबाईंना नेऊन दाखवलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र जवळ धरलं, लांब धरलं आणि म्हणाल्या, "घोडा झकास आहे. पंख मात्र पाठीवर डिंकाने चिकटवल्यासारखे दिसतात. वारा आला तर पंख तेवढे उडतील, घोडा इथेच राहील."

लेक तोंड पाडून घरी आली. सुतारबाबांना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सांध्यांतलं सगळं कळत होतं. त्यांनी चित्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "ह्याची बिजागरी कुठाय?"

"पंखाला कसली बिजागरी, बाबा?"

"मग तो उघडतो-मिटतो कसा?"

लेक पुन्हा चित्राकडे बघायला लागली. खरं तर ते बाबांनाही माहीत नव्हतं. मग काय, दुसऱ्या दिवसापासून बाबा दुकानाच्या पायरीवर बसून समोरच्या छपरावरची कबुतरं बघायला लागले. पंधरा दिवस हेच. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "आमच्या कपाटाचं कुठवर आलं?" आणि बाबा मान वर करूनच सांगायचे, "थांबा हो जरा, आत्ता कुठे कोपर कळायला लागलंय." गिऱ्हाईक कपाळाला हात लावून निघून जायचं.

शेवटी त्यांना कळलं ते असं. पंख म्हणजे हातच. त्याला खांदा असतो, कोपर असतं, मनगट असतं. मिटताना कोपर मागे जातं आणि मनगट पुढे येतं. मग एका जुन्या खिडकीच्या चौकटीतून त्यांनी माझी हाडं काढली, फळांच्या खोक्याच्या फळ्या तासून पिसं केली. कोपराला पितळेचा एक छोटा अडसर बसवला, म्हणजे ते मागेच वळेल, पुढे वळणार नाही. मला लेकीच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "घे. चुकायची सोयच ठेवली नाही." लेकीने मला उघडलं, मिटलं, परत उघडलं आणि बाबांच्या गळ्यातच पडली.

त्यानंतरची वर्षं काय सांगू! माझा भाव भलताच वधारला. मी एकटा डावा, म्हणून उजवा पंख काढताना ती मला आरशासमोर धरायची. घोड्याला आधीच पुढच्या पायांचे खांदे असतात, त्यांच्या मागे पंखांचे आणखी दोन खांदे आणि त्यांना ओढणारं मांस हवं, हे तिला माझ्यामुळे सुचलं. राक्षसी पालीच्या पंखांना पिसांऐवजी कातडं असायचं, पण आतली हाडं माझीच. कासवापाशी मात्र घोडं अडलं. पाठभर कवच, पंखांनी उगवायचं कुठून? तेव्हा बाबा सहज म्हणाले, "कवचाला दोन खिडक्या ठेव की!" त्या खिडक्यांवर मुलं अशी खूश झाली की विचारू नका. पत्रांचा ढीग पडला. एका मुलीने लिहिलं होतं, 'मी आमच्या मांजरीची पाठ रोज तपासते. अजून काही फुटलेले नाही. किती दिवस लागतात?' हे पत्र लेकीने मोठ्याने वाचलं तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. लाकूड असूनही.

मग लेकीचं लग्न झालं, कामं वाढली आणि एक दिवस कॉम्प्युटर आला. तिने आजवर काढलेले सगळे पंख त्यात साठवून ठेवले. नवा प्राणी आला की त्यातला एक उचलायचा, लहान-मोठा करायचा आणि लावून टाकायचा. हाताला काम उरलं नाही, मलाही नाही. मला दारामागच्या खिळ्यावर टांगलं. तिथे माझ्यावर आधी छत्री आली, मग ओला टॉवेल. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण ज्याच्या पिसांवर टॉवेल वाळतात त्याने रुसायचं तरी कुणावर?

पुढे घर बदललं. सामान हलवताना मी पडलो आणि कोपराचा स्क्रू निघाला. आता आमचे जावईबापू म्हणजे दातांचे डॉक्टर. मनाने सोनं माणूस. लोकांच्या दाढा काढतात तरी कुणी ओरडत नाही. पण घरात काही मोडलं की त्यांच्या हातांना खाज सुटते. त्यांनी मला मांडीवर घेतलं, एक जाडसा स्क्रू शोधला आणि मधली पट्टी पिळून बसवली. उलटी! "बघ, अगदी नव्यासारखा!" ते बायकोला म्हणाले. तिने खोके उघडता उघडता मान हलवली आणि मी पुन्हा खिळ्यावर गेलो. माझं कोपर आता पुढे वळत होतं आणि मनगट मागे. कुणाला पत्ताच नाही.

त्याच सुमारास सुतारबाबा लेकीकडे राहायला आले. वय ऐंशीच्या घरात, नजर जवळजवळ गेलेली. उजेड आणि सावली एवढंच कळायचं. लेक त्यांचं हवं-नको सगळं बघायची, पण त्यांच्यासमोर चित्रांचा विषय काढत नसे. आपण दाखवायचं आणि त्यांना दिसायचं नाही, ते त्यांच्या मनाला लागेल, असं तिला वाटायचं. त्यामुळे बाबा त्यांच्या खोलीत रेडिओ ऐकायचे आणि ती तिच्या खोलीत काम करायची.

आणि एके दिवशी संपादकबाईंचा फोन आला. त्याच, चष्मा कपाळावर चढवणाऱ्या. "मी आता निवृत्त होतेय गं. हे माझं शेवटचं पुस्तक. बारा प्राणी, बाराही उडणारे, शेवटी दोन पानं भरून हत्ती. पण एक अट आहे. कॉम्प्युटरमधला एकही पंख नको. पेन्सिलीने काढ, पहिल्यासारखे."

लेकीने मला खिळ्यावरून काढलं, धूळ पुसली, टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांनी! मी हरखून जायला हवं होतं. पण मला पुन्हा खिळ्यावर जावंसं वाटलं, कारण माझं काय झालंय ते मला माहीत होतं.

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून कसंतरी होतं. ती कोरा कागद घ्यायची. पेन्सिल आपसूक बरोबर वळायची, कोपर मागे. मग ती माझ्याकडे बघायची, कपाळाला आठी पडायची आणि ती बरोबर रेघ खोडून मी दाखवतो तशी चुकीची काढायची. एक नाही, दोन नाही, बाराच्या बारा चित्रं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं बाई, माझं ऐकू नकोस! पण मला तोंड कुठे होतं?

बाई चित्रं बघायला घरी आल्या. एकेक कागद उचलून ठेवत गेल्या. "चेहरे सुरेख आहेत," त्या हळूच म्हणाल्या, "पण कुणी उडत नाहीये गं. सगळे बसलेत." आठ दिवस आहेत, बघ काही जमतंय का, असं म्हणून त्या गेल्या.

ती चार दिवस काढत राहिली आणि खोडत राहिली. पाचव्या दिवशी दुपारी तिने पेन्सिल खाली ठेवली. "माझा हात गेला," ती नवऱ्याला म्हणाली. "मी बाईंना कळवते, दुसऱ्या कुणाला तरी द्या. ह्यापुढे चित्रं बंद."

"असं काय करतेस? पंख समोर आहे ना?"

"तेच तर! तो बाबांनी केलेला आहे. तो चुकणार नाही. म्हणजे मीच चुकतेय."

हे ऐकून माझ्या एकवीस पिसांत कळ गेली. तिचा माझ्यावर एवढा विश्वास, आणि मीच तिचा हात पकडून तिला चुकीच्या वाटेने नेत होतो.

तेवढ्यात भिंतीला हात लावत बाबा दारात आले. "काय चाललंय गं? चार दिवस रबर घासल्याचा आवाज ऐकतोय."

"काही नाही, बाबा."

"काही नाहीला इतकं रबर लागत नाही."

मग तिचा बांध फुटला. तिने सगळं सांगितलं. बाबा खुर्चीवर बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "आण तो पंख इकडे."

त्यांची बोटं माझ्यावरून फिरली. खुंटी चाचपली. पहिली पट्टी. कोपराशी येऊन बोटं थांबली. त्यांनी मला उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. "हे कुणाचं काम?"

"माझं, बाबा," जावईबापू दाराशी चुळबुळत म्हणाले. "काही चुकलं का?"

"जावईबापू, दातांवर तुमचा हात फार चांगला आहे. तो तिथेच राहू द्या."

लेक आधी बघतच राहिली, मग रडता रडता हसायला लागली. बाबांनी विचारलं, "तुझा हात काय सांगत होता? कोपर कुठे?"

"मागे."

"मग त्याचं ऐकायचं नाही का?"

"पण पंख तुम्ही केलेला..."

"मी केलेला म्हणजे काय देवाने केलेला का? अगं, लाकूड आहे ते! कुणीही उलटं बसवलं तर उलटंच सांगणार."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर मागवला आणि न बघता पट्टी सरळ केली. पण जाड स्क्रूने लाकूड चिरलं होतं. त्यांनी काडेपेटीतली काडी भोकात बसवली, गोंद भरला, वरून दोरा आवळून बांधला. "उद्यापर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"बाबा, पण मला आत्ता काढायचंय. आत्ता हाताला आठवतंय. उद्या परत गेलं तर?"

बाबा उठले, सदरा काढून खुर्चीवर टाकला आणि बनियनवर उभे राहिले. एका हाताने टेबलाची कड धरली, कमरेत वाकले आणि डावा हात मागे उचलला. "हा घे. खांदा. कोपर मागे. मनगट पुढे. काढ."

त्या हाताची कातडी लोंबत होती. त्यावर पटाशीच्या जखमांचे जुने पांढरे वण होते. हात वर गेला की खांद्याचा स्नायू ताणायचा, थोडा वेळ टिकायचा, मग मनगट थरथरायला लागायचं.

"दुखलं तर सांगा हं, बाबा."

"तू काढ. दुखण्याचं नंतर बघू."

जावईबापू खुर्ची धरून त्यांच्या मागे उभे राहिले. पाच मिनिटं हात वर, पाच मिनिटं बसायचं, परत हात वर, अशी अख्खी दुपार गेली. कागदावर हत्ती उतरत होता. मी दोऱ्यात बांधलेला, खिडकीत पडून बघत होतो. आणि मला कळलं की मी इतकी वर्षं काय देऊ शकलो नव्हतो. माझ्यात सांधे आहेत, पण मला दम लागत नाही. हत्तीसारखं ओझं उचलायचं तर पंख दमलेला दिसायला हवा, ताण खांद्यात दिसायला हवा. त्या हत्तीच्या खांद्यात तो दिसत होता. माझ्याकडे बघून काढलेला एकही पंख इतका चांगला झाला नव्हता. मी तोरा मिरवणारा खरा, पण त्या दिवशी मला जराही हेवा वाटला नाही. फक्त भरून आलं.

उरलेल्या तीन दिवसांत तिने बाकीचे अकरा प्राणी माझ्याकडे बघून पुन्हा काढले. आता कोपर जागेवर होतं, हातही जागेवर आला होता. बाई आल्या. हत्तीच्या पानाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढूनच ठेवला. "उडाला गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या.

पुस्तक छापून आलं तेव्हा लेक बाबांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांचं बोट धरून तिने हत्तीच्या पंखावरून फिरवलं. "हा खांदा, बाबा. हे कोपर."

"मला तर सगळं गुळगुळीत लागतंय," बाबा म्हणाले. "तूच सांग, कसा झालाय?"

"तुमच्या हातासारखा."

बाबांनी आपला डावा हात चाचपला. मग त्यांनी विचारलं, "एवढ्या म्हाताऱ्या हाताने हत्ती उचलला?"

"उचलला, बाबा. खूप वर गेलाय."

आता मी कायम टेबलावर असतो, आणि बाबांची खुर्चीही त्याच खोलीत आली आहे. लेक काढता काढता त्यांना सांगते आणि ते मधूनच म्हणतात, "बिजागरी बघ, बिजागरी." ज्यांनी मला घडवलं, ज्यांनी वापरलं, अगदी ज्यांनी उलटं बसवलं त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत. जावईबापू चुकले नसते तर बाबा त्या खोलीत आलेच नसते.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू मोडली तर टाकण्याआधी आणि हौसेने जोडण्याआधीही एकदा विचारा, ही कुणी केली? तो माणूस शेजारच्या खोलीत असेल, तर त्याला दिसत नाही म्हणून विचारायचं टाळू नका. आणि आमचं पुस्तक कधी हाती आलंच, तर पहिले अकरा प्राणी बघताना माझं खुशाल कौतुक करा, मला आवडतं. हत्तीचं पान उघडल्यावर मात्र मला विसरून जा. तिथे पुस्तक खाली ठेवा आणि आपल्या घरातला एखादा म्हातारा हात हातात घेऊन बघा.