चारला

“आत्या, ही साडी नको. हिच्याकडे बघितलं की प्रॅक्टिकल चालू आहे असं वाटतं.”

अस्मितानं राजसीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या हातानं कपाटातून जांभळी साडी ओढून काढली. अस्मिता ही द्रौपदीच्या भाच्याची बायको. तान्ह्या पोरीच्या दोन झोपांमध्ये जेवढा वेळ हाती लागतो, तेवढ्यात तिनं हे सगळं जुळवून आणलं होतं.

“जांभळी नको गं. लोक बघतील.”

“बघू देत की. त्यासाठीच तर चाललाय तुम्ही.”

बाहेरच्या खोलीत रामभाऊ खाकरले. द्रौपदीचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर त्यांच्या जागी कॉलेजात नोकरीला लागलेल्या बहिणीनं शिकवलेला, उभा केलेला. ते दारात येऊन उभे राहिले, पण डोळे जमिनीवर.

“ताई, साठीला दोन वर्षं राहिली तुझ्या. आता कशाला ही फिराफिरी? त्यात तो आगरी, आपण बौद्ध. त्याच्या गावात तुला पाणी तरी विचारेल का कोणी?”

“तो पंप दुरुस्त करतो. पाण्याचं बघून घेईल.”

अस्मितानं हसू दाबायला पोरीच्या पोटात तोंड खुपसलं. रामभाऊ मात्र हसले नाहीत. निऱ्या घालता घालता द्रौपदी म्हणाली, “भाऊ, एक ठरवलंय मी. आज तो भेटायला आला नाही, तर तुझं खरं. पुन्हा या घरात हा विषय निघणार नाही.”

अस्मिताचं हसू तिथंच थांबलं.

उल्हासनगरातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये द्रौपदीनं अडतीस वर्षं काढली. लॅब अटेंडंट. विसाव्या वर्षी लागली, यंदाच्या मे महिन्यात सुटली. मुलं तिला मावशी म्हणायची, मुलांना शिकवणारे मावशी म्हणायचे, आणि तिच्याहून वयानं मोठे असलेले प्रिन्सिपलही मावशीच म्हणायचे. हजेरीपटाबाहेर तिचं नाव कुणी घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. लॅबच्या दारातून जिना दिसायचा. त्या जिन्यात कोण कुणासाठी थांबलंय, कोण उगाच बुटाची नाडी बांधतंय, कोण आजपासून थांबायचं बंद झालंय, सगळं तिला कळायचं. जिन्यात थांबलेल्यांची पोरंसुद्धा पुढं त्याच जिन्यात थांबली.

तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. थांबायचं काम तिचं. सगळी बॅच गेली तरी एखादी मुलगी रडवेली होऊन टायट्रेशन करत असायची आणि द्रौपदी चाव्या हातात घेऊन शेजारी उभी. “थांब. घाई नको. एक थेंब, मग एक थेंब. येतो रंग.” आणि मग चंबूत तो अगदी फिकट, लाजल्यासारखा गुलाबी यायचा. अडतीस वर्षं बघूनही त्या क्षणी तिच्या अंगावर काटा यायचा.

तसाच काटा तिच्या अंगावर मेळाव्यातही आला होता. बदलापूरला, कुळगावातल्या एका हॉलमध्ये, पन्नाशीपुढच्या एकट्या माणसांचा परिचय मेळावा. ती तोंड लपवायच्या तयारीनं गेली आणि दारातच थबकली. दीडशे माणसं! कुणी केस रंगवून आलेलं, कुणाच्या मानेवर पावडरीचा पट्टा, एक आजोबा इस्त्रीची घडी मोडेल म्हणून बसायलाच तयार नव्हते. छातीवर नंबराचे बिल्ले. ज्यांनी माणसं स्मशानात पोचवली होती, दवाखान्यात रात्री काढल्या होत्या, मुलांचे टोमणे खाल्ले होते, ती सगळी नटूनथटून, धडधडत्या छातीनं आली होती. देवळात गेल्यावर कुणाकुणाला वाटत असेल, तसं काहीतरी तिला वाटलं. ती हळूच शेवटच्या रांगेत बसली.

फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात तिनं सवयीनं ‘चार नंबर’ एवढंच लिहिलं. उल्हासनगर म्हणजे पाच कॅम्प, पण इथला माणूस कॅम्पचं नाव घेत नाही, नुसता आकडा सांगतो. तीनला लग्न, पाचला बारसं. तिथल्या बाईंनी पूर्ण पत्ता लिहून घेतला. ‘अपेक्षा’ या रकान्याशी मात्र ती अडली. आधी ‘काही नाही’ लिहिलं. मग ते खोडून लिहिलं, ‘मी बोलत असताना टीव्ही लावू नये.’

सत्तावीस नंबरचा बिल्ला लावलेला माणूस माइकवर आला तेव्हा त्यानं आधी माइकची वायर तपासली. “मी जयदेव. वांगनीचा. पंप दुरुस्त करतो. बायको जाऊन नव वर्सा झाली, पोरगा-सून पुन्याला. दिसभर पंपाशी बोलतो, पन तो काय परत बोलत नाय.”

हॉल हसला. द्रौपदी हसली नाही. हॉलसमोरच्या बागेत मग दोघांनी चहा घेतला. ती लॅबबद्दल बोलली, चार नंबरच्या बागेत सकाळी फिरायला जाते तेही बोलली. तो ऐकत होता. मध्ये एकदाही त्यानं मोबाइल काढला नाही.

पुढं तीन आठवडे फोन. आणि परवा तो म्हणाला, “रविवारी भेटाचा का?” तेवढ्यात रामभाऊ खोलीत आले. द्रौपदी घाईघाईनं म्हणाली, “बागेत. चारला.” आणि फोन ठेवून दिला.

रविवारी चार वाजायच्या आधीच ती कुळगावातल्या त्याच बागेत पोचली. लॅबमधला नियमच होता, महत्त्वाच्या कामाला फोन बंद. तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

चार वाजले. सव्वाचार. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडे ती बघत होती. साडेचारला तिनं पदर नीट केला. पाचला तो पुन्हा नीट करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. फोन चालू करून विचारावं का? बोट बटणापर्यंत गेलं आणि मागं आलं. विचारून आलेला माणूस काय कामाचा! जिन्यातल्या पोरी कशा एकदम ताठ व्हायच्या आणि पुस्तक छातीशी धरून निघून जायच्या, ते तिला आठवलं. त्या ताठपणात इतकं दुखतं, हे तिला आज कळलं.

साडेपाचला ती उठली. जांभळी साडी आता भलतीच जांभळी वाटत होती. वाटेत तिनं रामभाऊला सांगायचं वाक्य तयार केलं. ‘तुझं खरं.’ दोनच शब्द. ते दोन शब्द म्हणून झाले की सकाळचा चहा, राजसीची आंघोळ, संध्याकाळच्या मालिका, आणि मग काही नाही.

चार नंबरला रिक्षातून उतरली तेव्हा उजेड अजून होता. बागेच्या कडेनं ती घराकडं वळली, तोच साबणाच्या दुकानवाली सिंधी आंटी फाटकातून ओरडली.

“अरी मावशी! देख तो ये कौन है! सुबह से बैठा है. मैं बोली साईं, थोडा सरको, मेरा घुटना दुखता है. बोलता है नहीं, इधर किसी का जागा है. पूरा दिन! मैं कितनी बार पूछी, किसका? बोलता है, आएगी.”

द्रौपदीनं आत पाहिलं.

सोनमोहराखालच्या बाकावर, अगदी एका टोकाला, जयदेव बसला होता. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. शेजारच्या जागेवर त्यानं चौकटीचा मोठा रुमाल पसरला होता. गाडीत जागा धरतात तसा. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पान्हा ठेवलेला.

ती समोर गेली तसा तो गडबडून उठला.

“आल्या? मना वाटला, चारला म्हंजे चार नंबरला. टाइम तं तुमी बोलल्याच नाय. म्हटला सकालपासूनच बसू, चुकामूक नको.”

“सकाळपासून?”

“नवाला आलो. सांजच्याला दोनदा फोन लावला, बंद होता.”

“मग घरी नाही का जायचं!”

“बंद म्हंजे काय तुमी नाय म्हनल्या नाय.” तो ओशाळं हसला. “आन् वॉचमनशी दोस्ती झाली. कैलास. नल गलत होता त्याचा, वायसर बदलून दिला. मी पान्हा घेऊन तकडं गेलो तवा रुमालावर त्याला हात ठेवाया बसवला. तो बोलला, एवढी कोन येनार हाय?”

“मग?”

“काय नाय. बसा ना, द्रौपदीबाई.”

आपलं नाव असं ऐकू येतं तर, असं तिला वाटलं. पर्समधला फोन, रामभाऊसाठी तयार केलेले ते दोन शब्द, कुळगावचा तो दीड तास, सगळं कुठल्या कुठं गेलं. आंटी कंबरेवर हात ठेवून बघत होती. बघू देत.

द्रौपदीनं पान्हा उचलून त्याच्या हातात दिला. रुमालावर दिवसभराच्या पिवळ्या पाकळ्या पडल्या होत्या, वर रस्त्याची धूळ बसली होती. काच उचलावी तसा तिनं तो चारी कोपऱ्यांनी अलगद उचलला.

सगळा बाक धुळीनं माखला होता. रुमालाखालचा तेवढा चौकोन मात्र स्वच्छ होता.

ती क्षणभर उभीच राहिली. मग जांभळी साडी सावरून बरोबर त्या चौकोनात बसली. रुमाल तिनं पाकळ्यांसकट घडी करून मांडीवर ठेवला, आणि परत दिला नाही.