दिग्विजयचा टीव्ही

“जपून रं. दिग्विजयचा टीव्ही हाय त्यो,” बिराप्पा म्हणाला.

गावच्या घरी टीव्हीचं मागचं झाकण उघडणाऱ्या थोरल्या लेकाचा, अर्जुनाचा हात थांबला. सांगलीत त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पार लांबच्या गावांहून माणसं गाडीच्या मागं टीव्ही बांधून आणत. बापानं मात्र त्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. अर्जुनानं मागं एकदा साधा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घरी आणला, तर “मेंढरं राखायची का चित्रं बघायची?” म्हणून बिराप्पानं तो परत पाठवला होता. पुढं धाकटा दिग्विजय फौजेत गेला आणि सुट्टीला येताना रंगीत टीव्ही घेऊन आला. त्या टीव्हीला मात्र ह्याच बिराप्पानं हळदकुंकू लावलं.

आता त्यावर चित्र दिसत नव्हतं. नव्याण्णव सालचा जून. कारगिलला लढाई चालू होती, दिग्विजय तिकडंच होता आणि त्याची खुशाली बरेच दिवस कळली नव्हती.

अर्जुनानं बटण दाबलं. पडदा उजळला, पण नुसताच पांढरा. बातम्यांचा आवाज खणखणीत. अँटेना हलली असती तर पडद्यावर मुंग्या दिसल्या असत्या, त्याही नव्हत्या. म्हणजे सिग्नल येतोय, ट्यूबही धड आहे. चित्र वाटेतच कुठंतरी अडतंय. एखाद्या जोडाचं सोल्डर सुटलं असणार. घटकाभराचं काम.

“ट्यूब गेली,” तो म्हणाला.

गिऱ्हाइकाशीसुद्धा तो असं कधी खोटं बोलला नव्हता.

“म्हंजी?”

“म्हंजी संपलं. आता नुसता आवाज ऐकायचा.”

बिराप्पा घोंगडं ओढून टीव्हीपुढं बसला आणि पटक्याच्या शेवानं उजळलेली काच पुसू लागला.

“रोज असंच करत्यात,” रंगुबाई लेकाला हळूच म्हणाली. “धूळ बसलीया, पुसली की दिसंल म्हणत्यात. डोंगरावर चढल्यालं जवान दावत्यात न्हवं? त्यात आपला असंल म्हणून जेवान बी हितंच.”

“आये, गेल्या साली मी मिरजेला दवाखान्यात हुतो. तवा आबा एकदा तरी आलं का?”

“तू हाईसच की रं,” रंगुबाई म्हणाली.

अर्जुना उठून दारात गेला. आतून बातम्या ऐकू येत होत्या. वळून बघितलं तर बिराप्पाचा हात काचेवर त्याच जागी फिरत होता.

तो परत आला. “सरका आबा. पुन्यांदा बघतो.”

बोर्ड उलटा केल्यावर एका पार्टच्या पायाभोवती, जोडावर, केसाएवढी चीर दिसली. त्यानं तिथं सोल्डर भरलं, टीव्ही लावला आणि मागूनच विचारलं, “काय दिसतंय का?”

“पांढरंच हाय… थांब. मानूस आला! पर त्वांड हिरवं हाय.”

अर्जुनानं पेचकस किंचित फिरवला. “आता?”

“आता मानसागत हाय.” मग बिराप्पा म्हणाला, “ट्यूब गेलती न्हवं?”

“चुकलं माजं.”

काय चुकलं, ते बिराप्पानं विचारलं नाही. पडद्यावर पाठीवर ओझी घेतलेले जवान डोंगर चढत होते आणि तो काचेला नाक लावून पुटपुटत होता, “ह्यो न्हवं. ह्यो बी न्हवं.”

अर्जुनानं झाकण बसवलं, हत्यारं पिशवीत भरली. “निघतो आबा. एष्टी गाठाय पायजे.”

नजर न काढता बिराप्पा घोंगड्यावर थोडा सरकला. “बस. मला बारीक दिसत न्हाई. त्येची चाल तुला ठावं हाय.”

लहानपणी ह्या घोंगड्यावर बापाच्या आणि त्याच्या मधे नेहमी दिग्विजय झोपायचा. अर्जुनानं पिशवी खाली ठेवली. बापाच्या खांद्याला खांदा लावून तो बसला आणि चढणाऱ्या त्या पाठींमधून एकेक पाठ निरखू लागला.