कळल्यापासूनचे सुतक

मी देव्हारा. मये गावात, गुरुदासच्या घरात, माजघराच्या पूर्वेकडच्या भिंतीशी उभा आहे. ज्या सकाळी ती बातमी आली, त्या सकाळीही माझ्यासमोर रोजच्यासारखीच पूजा झाली होती.

पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला तशी सुमंगलाने पाव घेतले. तिचा नवरा गुरुदास आंघोळ करून पाटावर बसला. त्याने देवांना ताम्हणात घेऊन पाणी घातले, पुसले, गंध लावले. शेवटी बाळकृष्णाच्या पायाशी एक जास्वंद ठेवून तो पुटपुटला, "सगुणाला सुखरूप आण."

सगुण त्यांचा एकुलता एक मुलगा. सुर्ल्याच्या खाणीवर, खनिजाच्या ट्रकांचे वजन होते त्या काट्यावर कामाला होता. रात्रपाळी संपली की पहाटे मोटरसायकलने घरी येई. त्याची रात्रपाळी असली की त्या एका जास्वंदाचा नेम कधी चुकला नाही.

"आज उशीर केला," सुमंगला चहाचा कोप पुढे करत म्हणाली.

"दोस्तांबरोबर बसला असेल भजी खात. आला की म्हणेल भूक नाही."

तेवढ्यात शेजारचा शांताराम मागच्या दाराने आत आला. त्याच्याकडे फोन होता, म्हणून आमच्या वाड्यावरचे बरेवाईट आधी त्याला कळे. "गुरुदास, कोप खाली ठेव," तो म्हणाला.

पहाटे घरी येताना सगुण वळणावर ट्रकखाली सापडला होता. तिथेच गेला होता.

सुमंगला भिंतीला धरून खाली बसली. गुरुदास उठला तो थेट माझ्याकडे आला. काय करायला, ते त्यालाही माहीत नसावे. त्याचा हात बाळकृष्णापर्यंत पोचणार, तोच शांतारामने त्याचे मनगट धरले.

"आता नको. सुतक लागलं. देवाला हात लावू नको."

हात मागे गेला.

माझा जन्म गोवा मुक्त झाल्यानंतरचा. नार्वेच्या विठू मेस्ताने मला फणसाच्या लाकडातून घडवले. गुरुदासला डिचोलीच्या कचेरीत नोकरी लागली, लग्न ठरले, तेव्हा त्याच्या बापाने मला घरी आणले. तोवर या घरचे देव भिंतीतल्या कोनाड्यात होते.

माणसे देव्हाऱ्याशी कशी वागतात ते मी पाहिले आहे. घाईत असली की जाता जाता नमस्कार करतात, घाबरली की बराच वेळ बसतात. माझ्या खणात गंधाच्या खोडाशेजारी किल्ल्या, काडेपेटी, विजेची बिले राहतात. सगुणाने परीक्षेचे प्रवेशपत्रही त्यातच ठेवले होते आणि नंतर मोटरसायकलचे कागदही. "देवाकडे ठेवलेली वस्तू हरवत नाही," असे त्याची आई म्हणायची.

सुतकाच्या दिवसांत माझ्यावर जुने लुगडे टाकले होते. शांताराम वेगळ्या आडनावाचा, त्याला सुतक नव्हते. तो रोज येऊन लुगडे सारी, देवांवर फूल ठेवी, पुन्हा झाकी. त्याला आमच्या देवांचा क्रम ठाऊक नव्हता. शाळीग्राम कुठेही बसवायचा. सुमंगला दारातून पाहायची. एकदा ती उंबऱ्याच्या आत आली.

"वैनी, आत नको," शांताराम म्हणाला. "देवाला विटाळ होतो."

"मी लांबूनच बघते रे."

"बघा. पण लांबून."

ती मागे सरली. इतकी वर्षे मी या घरात आहे. ज्या दिवसांत या दोघांना माझ्यापुढे बसण्याची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच दिवसांत मी त्यांना बंद होतो. हा नियम कोणी का केला ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे फक्त लाकूड आहे.

सुतक फिटले. भटजींनी घरभर गोमूत्र शिंपडले, माझ्यावरचे लुगडे काढले. सुमंगला नदीकाठी गेली होती, शेजारणींबरोबर कपडे धुवायला. गुरुदास पाटावर बसला. बाळकृष्ण हातात घेतला, पण ताम्हणात ठेवला नाही.

"भटजी, एक विचारतो. त्या दिवशी मी पूजा केली तेव्हा सगुण आधीच गेलेला होता. ती पूजा बाद झाली का?"

"छे हो, गुरुदासबाब. सुतक कळल्यापासून लागतं. तुम्हाला कळलं नव्हतं. तुमची पूजा शुद्ध. ती पोचली."

"पोचली?"

"पोचली म्हणजे पोचली. मनात किंतु ठेवू नका."

गुरुदास हातातल्या मूर्तीकडे पाहत राहिला. "मला कळलं नव्हतं, ते खरं. पण ह्याला कळलं होतं ना? तरी ह्याने फूल घेतलं?"

भटजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेंडीवरून हात फिरवला, बाहेर पाहिले. "सुतकात असं मनात येतं," ते म्हणाले.

"सुतक आताच फिटलं, भटजी."

मग त्याने बाळकृष्ण जागेवर ठेवला, अगदी हळू, झोपलेल्याला ठेवावे तसा. पाटावरून उठला. त्यानंतर त्याने देवांना हात लावलेला नाही. "सुमंगलाला काही बोलू नका," एवढेच त्याने भटजींना सांगितले. "तिला तेवढा तरी आधार राहू दे."

त्या वर्षी घरात गणपतीची चवथ झाली नाही. पुढच्या वर्षी शांताराम विचारायला आला.

"औंदा गणपतीवर फळांची माटोळी बांधणार ना?"

"सुमंगला म्हणाली तर बांधीन."

"आणि पूजा?"

"भटजी करतील."

"पोरगा गेला म्हणून नास्तिक झालास तू."

"पोरगा गेला म्हणून नव्हे रे. पोरगे पुष्कळांचे जातात."

"मग कशाने?"

गुरुदासने स्वयंपाकघराकडे पाहिले. आत नारळ खोवण्याचा आवाज येत होता. "मला अजून सुतक आहे असं धरून चाल," तो म्हणाला.

लोक समजतात, देवाला नाकारणारा माणूस भांडून उठतो, मूर्ती विहिरीत टाकतो. मी पाहिले ते असे नव्हते. एक साधा प्रश्न होता, आणि तो ज्यांना विचारावा त्यांच्याकडे उत्तर नव्हते. असा प्रश्न घेऊन कोणी तुमच्या दारी आला, तर त्याला लगेच नाव ठेवू नका. आधी बसायला पाट द्या.

आता सकाळी माझ्यासमोर कोणी बसत नाही. देवांवरचे गंध वाळून गळून गेले आहे. दिवा मात्र रोज लागतो, सुमंगला लावते. गुरुदास तेव्हा ओसरीवर असतो. वात लावली की ती थोडी थांबते. हात जोडत नाही. मागे एकदा, त्या दिव्याच्या उजेडात, तिने बाळकृष्णाकडे पाहून हलक्या आवाजात विचारले, "तुला ठाऊक होतं ना रे, फूल घेताना?" मग पदराने डोळे पुसले आणि बाहेर जाऊन म्हणाली, "अहो, दिवा लावला. या, पेज वाढते."

"आलो," तो म्हणाला.

तो तिच्यासाठी गप्प आहे, ती त्याच्यासाठी दिवा लावते. मला दोघांचेही ऐकू येते, पण सांगता येत नाही. आणि त्यांनी एकमेकांना अजून काही सांगितलेले नाही.