बुटकीचा चांगला पाय

बागेच्या फाटकाशी एवढी गर्दी होती की मला स्कूटर कोपऱ्यावरच्या दुकानापाशी लावावी लागली. दुकानातल्या बाईंनी लगेच बातमी दिली, "फुंकरबाबांनी तुमच्या मामाच्या तट्टाला बरं केलं. नुसती फुंकर मारली, बघा."

मी जनावरांची डॉक्टर. सकाळपासून एक अडलेली गाय आणि दोन चावरी कुत्री निस्तरून आले होते. फुंकर मारून भागत असतं तर मीही तेच केलं असतं.

बुटकी ही मामाची ठेंगणी तट्टाणी. उंची माझ्या कमरेएवढी, वय सतरा. छोट्या गाडीत मुलांना बसवून ती तलावाभोवती फेऱ्या मारायची. मागच्या वर्षी ती डाव्या पुढच्या पायाने लंगडू लागली. एक्स-रेमध्ये खांद्याचा सांधा झिजलेला दिसला. मी मामाला समोर बसवून सांगितलं, हे पूर्ण बरं होणार नाही. गोळ्या द्यायच्या, वजन वाढू द्यायचं नाही, हळूहळू फिरवायचं आणि गाडी कायमची बंद. मामाचाही डावा गुडघा गेलेला. दोघं एका तालात लंगडत निघाले की बागेत हशा पिकायचा. पण गाडी बंद करायचं मामाच्या जिवावर आलं होतं. गाडी दिसली की ती आपणहून पुढे येऊन उभी राहायची, ते त्याला बघवत नव्हतं.

फुंकरबाबा बाकावर उभे होते.

"एक्स-रेला हाडं दिसतात, वारा दिसतो का? या मुक्या जिवाच्या खांद्यात वारा कोंडला होता. वाऱ्याला वाराच बाहेर काढतो. आता दुखणं दुसऱ्या पायातून जमिनीत उतरतंय."

त्यासाठी बुटकीच्या पुढच्या उजव्या खुरावर लाल कापडाची जाड पट्टी बांधली होती. सात दिवस सोडायची नाही, सोडली तर दुखणं माघारी येणार. लोक माना डोलवत होते. असल्या बोलण्याला उत्तर देण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नव्हतं. मी झाडाला टेकून उभी राहिले.

मामाने मला पाहिलं आणि बुटकीला माझ्यासमोरून चालवत नेलं.

"डोकं बघ तिचं. तूच सांगितलं होतंस ना, दुखरा पाय टेकला की ती डोकं वर उचलते म्हणून? आता उचलते का? उद्यापासून गाडी जोडतो."

खरंच उचलत नव्हती. क्षणभर मलाही वाटलं, आपलंच चुकलं असेल तर किती बरं होईल. मग मी तिची पावलं पाहिली. दोन्ही पुढची पावलं आखूड पडत होती. थांबली की ती सगळा भार मागच्या पायांवर टाकत होती, पुढची जमीन तापलेली असल्यासारखी.

"मामा, पट्टी सोड."

"अगं, सात दिवस..."

"उद्या तिला गाडीला जोडणार ना? मग आज मला तिचा चांगला पाय बघू दे."

"डॉक्टरीणबाईंना राग येणारच," बाबा म्हणाले. "पेशंट हातचा गेला." लोक हसले.

मामा हसला नाही. त्याने वाकून पट्टीवरून बोट फिरवलं आणि बुटकीने पाय झटकन ओढून घेतला. मामाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पट्टी सोडली. खुराखाली, तळव्याच्या मऊ भागावर, हरभऱ्याएवढा टोकदार खडा बसवलेला होता.

"एक पाय दुखला तर ती त्याला वाचवते, म्हणून डोकं हलतं," मी म्हणाले. "दोन्ही दुखले तर कुणाला वाचवणार? चाल सारखी होते. मी तुला अर्धीच खूण शिकवली, मामा. तुला फसवायला या बाबाला तेवढीच पुरली."

"तो खडा मंतरलेला आहे," बाबा म्हणाले.

मामाने खडा आपल्या उजव्या चपलेत टाकला आणि तलावाच्या कठड्यापर्यंत जाऊन परत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो लंगडत नव्हता.

"मामा, सरळ चालताय की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"हो," मामा म्हणाला. "आता दोन्हीकडून दुखतंय."

फुंकरबाबा बाकावरून उतरून फाटकाकडे निघाले. पाच-सहा जण तरीही त्यांच्या मागे गेले. मला त्याचं आता नवल वाटत नाही, फक्त दमायला होतं.

"म्हणजे ती आता परत लंगडणार," मामा म्हणाला.

"लंगडणार. पण एकाच पायाने. आणि तो कमी दुखेल एवढं मी बघेन."

त्याने गाडी जोडायचा पट्टा बाजूच्या खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला आणि बुटकीला घेऊन घराकडे निघाला. तिचं डोकं पुन्हा प्रत्येक पावलाला वर-खाली होत होतं.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्यासमोर एखाद्याला बरं करून दाखवलं, तर फक्त दुखऱ्या पायाकडे बघू नका. तो तुम्हाला दाखवण्यासाठीच असतो. वाकून दुसऱ्या पायाची पट्टी सोडा.