घरात अजून कुणाला?

“घरात अजून कुणाला होतं का?” डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा नवऱ्याने वर पंख्याकडे पाहिलं आणि तसं काही नाही म्हणाला. तिनेही मान डोलावली. वीस वर्षं वॉर्डात परक्या माणसांना हाच प्रश्न विचारणारी नर्स ती. पण स्वतःच्या घराचं एवढंच उत्तर तिलाही ठाऊक होतं.

पंधरा वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. अंडकोशाच्या डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या, त्या बाजूची वाढ मागे पडलेली. व्हेरिकोसील. ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते, डॉक्टर म्हणाले. घरात आहे हे माहीत असतं, तर आधीपासून लक्ष ठेवता आलं असतं.

घरी आल्यावर तिने सासूबाईंना सांगितलं. शेंगा सोलता सोलता त्या सहज बोलून गेल्या, “बापावरच गेला म्हणायचा. ह्यालाही सतराव्या वर्षी कापलं होतं की. तुझ्या सासऱ्यांनाही होतंच.”

नवऱ्याच्या जांघेतला वण. हर्नियाचा, असं त्याने लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं आणि नर्स असून तिने डोळे झाकून मानलं होतं. मग मूल होईना. सात वर्षं तपासण्या तिच्या, इंजेक्शनं तिला, टोमणेही तिलाच. येईल त्याच्यापुढे सासूबाई सुनेच्या नशिबाला बोल लावत, आणि हा शेजारी बसून चहा पीत असे.

नवरा दारातच उभा होता.

“माझं सोडा, मी सोसलं,” ती म्हणाली. “पण आज पोराच्या देखत खोटं बोललात.”

“लाज वाटली गं.”

“लाज तुमची आणि भोगायचं त्याने?”

तिने फोन उचलला. धाकट्या जावेचा मुलगा बारा वर्षांचा होता. घरातलं चव्हाट्यावर नेऊ नकोस, सासूबाईंनी बजावलं.

“आई, तुमची झाकली मूठ माझ्या पोराला महाग पडली,” ती म्हणाली आणि जावेला सगळं सांगितलं, आवाज न चढवता, एकही शब्द न गाळता.

फोन ठेवून वळली, तर नवरा तिथे नव्हता. मुलाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तो पलंगाशी जमिनीवर बसला होता. “मलाही होतं रे,” तो सांगत होता, “कुणाशी बोलताच यायचं नाही.” मुलगा थोडा सरकला आणि त्याने बापासाठी पलंगावर जागा केली.

तिने आवाज न करता दार ओढून घेतलं. राग तसूभरही कमी झाला नव्हता. तो घेऊन ती बाहेरच उभी राहिली.